बेंदराच्या मातीच्या दहा विटा

मित्रांनो, वीट तुम्ही रोज पाहता. पण ती ज्याच्या पोटात आकार घेते, त्याला तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मी तोच. विटा थापायचा एक म्हातारा साचा. सागवानी लाकडाचा, चार भिंतींचा, वर-खाली मोकळा. माझ्या कडांना लोखंडी पट्टी आहे आणि ती आतापर्यंत दोनदा बदलली आहे. लाकूड मात्र पहिलेच आहे. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याजवळ, नीरेच्या काठावर सोपान कुंभाराची वीटभट्टी होती. तिथे मी तीस वर्षे काम केले.

मला भीमा सुतारांनी घडवले. ते मोठे कसबी होते. साचा बनवायच्या आधी त्यांनी सोपानच्या बायकोला, धोंडाबाईला, पारावर बोलावून घेतले आणि तिचा पंजा लाकडावर ठेवायला सांगितला. "साचा थापणाऱ्याच्या हाताचा पाहिजे," असे म्हणून त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. त्या रेघेवरून माझ्या दोन्ही बाजूंना मूठ बसेल अशा खाचा पडल्या. तेव्हापासून मला धोंडाबाईचाच हात बसतो. दुसऱ्या कुणी उचलले की मी थोडा कलतो.

काम पहाटे सुरू व्हायचे. आदल्या दिवशी भिजवलेला चिखल सोपान पायांनी तुडवून मऊ करायचा. धोंडाबाई उकिडवी बसून मला पाण्यात बुडवायची, बारीक रेतीत घोळवायची आणि चिखलाचा गोळा उचलून माझ्यात जोराने आपटायची. मग दोन्ही अंगठ्यांनी माझे चारही कोपरे भरायची. कोपरा भरला नाही तर वीट लंगडी निघते, असे ती म्हणत असे. वरचा जास्तीचा चिखल तारेने कापला की मला हलकेच वर उचलायचे, आणि जमिनीवर ओली, चकचकीत वीट उभी. मी लगेच पुन्हा पाण्यात. ऊन डोक्यावर येईपर्यंत सातशे-आठशे विटा थापून व्हायच्या. मला थकवा माहीत नव्हता. धोंडाबाईला होता, पण ती बोलत नसे.

वाळलेल्या विटा रचून भट्टी लावायचे काम सोपानचे. खाली कोळशाचा चुरा, मध्ये कारखान्यातून आणलेला उसाचा भुसा, वर विटांचे थर. धूर कोणत्या बाजूने निघतो ते पाहून तो सांगायचा की आत काय चालले आहे. भट्टी उकलली की गावातले हिंदुराव तात्या हटकून यायचे. नदीकाठी त्यांचा मोठा ऊस होता. दोन विटा हातात घेऊन ते एकमेकींवर वाजवायचे. टण्ण असा आवाज आला की मान डोलवत म्हणायचे, "सोपानराव, ही ईट न्हाय, घंटा हाय." मी तेव्हा भिंतीला टेकून उभा असे. मला कुणी काही म्हणत नसे, पण ते कौतुक माझेही आहे असे मी समजत असे.

सोपान आणि धोंडाबाईला एक मुलगी होती, सुप्रिया. ती भट्टीवरच वाढली. ओल्या विटांवर काडीने अक्षरे गिरवायची. धोंडाबाई तिला रागे भरत नसे. अशा कितीतरी विटा तशाच भाजल्या गेल्या आणि इंदापूर, बारामतीच्या घरांमध्ये बसल्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या गिलाव्याखाली आजही एक वाकडा 'क' असेल. ती मुलगी पुढे शिकली, इंजिनिअर झाली आणि बारामतीला एका बांधकाम सल्लागाराच्या कचेरीत कामाला लागली. ज्या दिवशी तिला नोकरी लागली त्या दिवशी सोपानने भट्टीवरच्या सगळ्यांना भेळ दिली होती.

मित्रांनो, इथपर्यंत माझी गोष्ट सुखाची आहे. पुढची सांगताना मला जरा थांबावे लागते.

आमच्या विटेचा जीव होता नदीकाठचा पोयटा. काळी-तांबूस, लोण्यासारखी मऊ माती. ती काही संपायची नाही, असे सगळ्यांना वाटत होते. पण वर्षानुवर्षे टोपली टोपली करून आम्ही ती खणत गेलो आणि एक दिवस खाली नुसता मुरूम लागला. हिंदुराव तात्यांनी आणखी जमीन खणू द्यायला नकार दिला. त्यांचेही खरेच होते. वरची माती गेली तर ऊस कशावर वाढणार? मग सोपानने दुसरी सोय केली. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे देऊन देऊन काही शेते खारवली होती. जमिनीवर पांढरा थर दिसायचा, त्यात ऊस पिवळा पडायचा. ते शेतकरी म्हणाले, "वरची माती घेऊन जावा, आमची पीडा जाईल." ती माती ट्रॉलीने भट्टीवर येऊ लागली.

पहिली ट्रॉली रिकामी झाली तेव्हा धोंडाबाईने नेहमीप्रमाणे चिमूटभर माती जिभेच्या टोकाला लावली. थुंकली. आणि सोपानकडे पाहिले.

"चालतंय," सोपान म्हणाला. "भट्टीत समदं जळून जातंय."

तिने मला पाण्यात बुडवले.

पण मला कळले. त्या चिखलाला पकड नव्हती. तो माझ्या कोपऱ्यात बसायचा, पण बसल्यासारखा वाटायचा नाही. सुकताना माझ्या लाकडावर पांढरी भुकटी राहायची. मीठ जळत नाही, मित्रांनो. ते विटेत गप्प बसून राहते आणि पाणी लागले की बाहेर येते. हे मला ठाऊक होते, धोंडाबाईला ठाऊक होते, आणि मला वाटते सोपानलाही ठाऊक होते. तिघांपैकी मला बोलता येत नव्हते. ते दोघे बोलले नाहीत.

गावातल्या शाळेचा व्हरांडा त्याच मातीच्या विटांनी बांधला गेला. दोन-चार वर्षांत त्याच्या भिंतीला खार फुटली. गिलावा फुगू लागला. लोक गवंड्याला नावे ठेवू लागले. आमच्या विटेवर कुणी संशय घेतला नाही, कारण सोपानच्या विटेचे नाव मोठे होते. आणि मग एका दुपारी गिलाव्याचा मोठा पोपडा सुटला आणि खाली डबा खात बसलेल्या चौथीतल्या मुलीच्या खांद्यावर पडला. नकोशी तिचे नाव. भट्टीवर विटा वाहणाऱ्या छबूबाईची ती नात. तिचे खांद्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी छबूबाई कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि पोरीचा हात गळ्यात बांधलाय, रात्रभर कण्हत होती, असे सांगत विटा उचलू लागली. धोंडाबाईचे हात माझ्यावर तसेच थांबले. चिखल वाळून माझ्या पट्टीला चिकटला, तरी ती हलली नाही.

व्हरांडा पाडायचा आणि लोकवर्गणीतून दोन नव्या खोल्या बांधायच्या, असे गावाने ठरवले. हिंदुराव तात्या समितीचे प्रमुख झाले. बांधकामावर देखरेख करायला त्यांनी सुप्रियालाच गळ घातली. गावचीच पोर, मन लावून करील. ती हो म्हणाली. पण वीट कोणती घ्यायची यावरून दोन तट पडले. काही म्हणाले, सोपानचीच घ्या, गावातली आहे. काही म्हणाले, आता सगळीकडे राखेच्या विटा चालल्यात, त्या घ्या. वीज बनवताना कोळशाची जी राख उरते, तिच्यात खडीचा चुरा आणि सिमेंट घालून यंत्राने दाबलेल्या त्या राखाडी विटा. त्यांना भाजावे लागत नाही. त्यांच्यासाठी शेत खणावे लागत नाही.

सुप्रियाने वाद घातला नाही. ती म्हणाली की दोन्ही विटांची बारामतीला प्रयोगशाळेत चाचणी करू. प्रत्येकी दहा विटा द्या. ज्या पास होतील त्या घेऊ. हे तिने भट्टीवर येऊन आईबापांना सांगितले तेव्हा मी खुंटीवर होतो. बोलताना ती कुणाच्याच डोळ्यांत पाहत नव्हती.

ती गेल्यावर सोपान बराच वेळ विडी हातात धरून बसला. पेटवली नाही. मग म्हणाला, "बेंदराची माती हाय की."

बेंदराला आमच्याकडे मातीच्या बैलांची पूजा असते. ते बैल धोंडाबाई करायची, गावभर द्यायची. त्यासाठी तिने जुन्या पोयट्याचा एक लहान ढीग घराच्या मागे पोत्यांखाली झाकून ठेवला होता. नदीकाठच्या मातीतले तेवढेच काय ते उरले होते.

"दहा इटा निघतील त्यात," सोपान म्हणाला.

"आन शाळा काय दहा इटांची हाय?"

"चाचणी दहाची हाय. अगं, सहा-सात जणांची पोटं हायेत ह्या भट्टीवर. हे काम गेलं तर पुढचं कुणी देणार न्हाय. गावाच्या शाळंला न्हाय चालली ती ईट दुसरा कोण घेईल?"

दुसऱ्या दिवशी पहाटे धोंडाबाईने पोती बाजूला केली.

मित्रांनो, त्या दहा विटा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर विटा होत्या. किती वर्षांनी तो पोयटा माझ्यात आला होता! कोपऱ्यांत आपोआप शिरला. धोंडाबाईचे अंगठेही पुन्हा वीस वर्षांपूर्वीचे झाले. तिने एकेक वीट अशी उतरवली की जणू झोपलेले मूल खाली ठेवत आहे. सोपानने त्या भट्टीच्या बरोबर मध्यभागी रचल्या, जिथे आच सारखी लागते. भट्टी उकलली तेव्हा त्या दहाही गुलमोहरासारख्या लाल निघाल्या. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. माझे सगळ्यांत चांगले काम खोटे होते. आणि ते थांबवायला मला ना तोंड होते, ना हात.

रविवारी सकाळी सुप्रिया स्कूटरवरून आली. सोपानने त्या विटा फडक्याने पुसून ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या. तिने दोन उचलल्या, हिंदुराव तात्यांसारख्या वाजवल्या. टण्ण! तिचा चेहरा असा उजळला की मला तिचे लहानपण आठवले.

"आई!" ती म्हणाली. "ह्या पास होतील. नक्की पास होतील बघ. मी किती घाबरले होते. मला वाटत होतं माझ्याच हातानं तुमचं..." ती हसली आणि तिने डोळे पुसले. मग एकेक वीट गोणीत भरू लागली. भरता भरता बोलत होती. "आत्ता नकोशीला बघून आले. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल. म्हणत होती, नवीन खोलीत मी खिडकीपाशी बसणार."

धोंडाबाई चुलीपुढून उठली. बाहेर आली. तिने मुलीच्या हातातली गोणी घेतली आणि ओट्यावर उपडी केली. मग शेजारच्या नेहमीच्या विटांच्या ढिगाकडे जाऊन ती हाताला येतील तशा विटा उचलून गोणीत टाकू लागली. एक, दोन, तीन.

"अगं, येडी झाली का काय?" सोपान ओरडला.

"ह्या ने," ती मुलीला म्हणाली.

"आई, काय झालं? ह्या चांगल्या होत्या की."

"त्या बेंदराच्या मातीच्या हायेत. तेवढ्याच हायेत. शाळंला ज्या लागणार त्या ह्या."

सुप्रिया ढिगाकडे पाहत राहिली. एका विटेवर तिने बोट फिरवले. बोट पांढरे झाले.

"आई," ती हळूच म्हणाली, "ह्या नापास होतील."

"म्हाईत हाय."

"मग मी काय करू?"

"जे खरं निघंल ते सांग. मला इचारू नगंस. मला इचारलं तर माझ्या तोंडून खोटं निघंल."

सोपान ओट्यावर बसला. त्याने बायकोला अडवले नाही. त्या दहा लाल विटा त्याच्या पायाशी विखुरल्या होत्या, त्यातली एक त्याने उचलली, मांडीवर घेतली आणि तिच्यावरची धूळ पुसत राहिला. सुप्रिया गोणी स्कूटरवर बांधत होती आणि तिला गाठ मारता येत नव्हती. शेवटी ती गाठ धोंडाबाईने मारली.

दहा-बारा दिवसांनी हिंदुराव तात्या स्वतः भट्टीवर आले. निरोप पाठवता आला असता, पण ते चालत आले. धोंडाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

"आपल्या इटा लवकर चेंगरल्या," ते म्हणाले. "पाणी लई पितात म्हणं. आन उभ्या करून पाण्यात ठेवल्या तर दोन दिसांत पांढऱ्या झाल्या. राखेच्या टिकल्या. समितीनं त्याच घ्यायचं ठरवलं. कागदावर पोरीची सही हाय, पर तिला बोल लावू नगा."

"न्हाय लावत," धोंडाबाई म्हणाली.

"वहिनी, माझ्या बापाच्या घराला तुमच्या सासऱ्याच्या भट्टीची ईट हाय. अजून खिळा घुसत न्हाय त्यात." एवढे बोलून ते उठले. तांब्या तसाच भरलेला होता.

गावाने आमची वीट नाकारली ही गोष्ट आजूबाजूला पोहोचायला वेळ लागला नाही. ठरलेली दोन कामे गेली. सोपानने आणखी एक भट्टी लावली, तिच्या निम्म्या विटा तशाच पडून राहिल्या. मग त्याने लावली नाही. छबूबाई एका उसाच्या शेतावर खुरपायला जाऊ लागली. भट्टीचा धूर थांबल्यापासून तिचा खोकला कमी झाला, असे ती एकदा सांगून गेली, आणि सांगितल्यावर तिलाच वाईट वाटले. शेजारच्या डाळिंबाच्या बागेवर काजळी बसायची, तीही बसेनाशी झाली.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, मित्रांनो. राखेच्या विटेवर माझा राग नाही. ती आमच्यापेक्षा सरळ आहे, भिंतीला गिलावा कमी लागतो. जी राख नुसती पडून वाऱ्यावर उडाली असती तिचे घर होते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिच्यासाठी कुणाचे शेत खणावे लागत नाही. नदीकाठचा तो पोयटा किती काळ साठत आला असेल कोण जाणे. माझ्यासारख्या साच्यांनी तो दोन पिढ्यांत संपवला. निवाडा करायला मला बसवले असते तर मीही त्याच विटेच्या बाजूने कौल दिला असता. पण माझ्या बाजूच्या माणसांचे पुढे काय, हे त्या चाचणीत नव्हते. ती चाचणी विटांची होती.

सुप्रियाने धडपड केली. इंदापूरच्या रस्त्याला रणजित नावाच्या तरुणाने राखेच्या विटांचा कारखाना काढला होता. त्याच्याशी बोलून तिने दोघांसाठी काम मागितले. सोपान म्हणाला, "जळून गेलेल्याच्या राखंपाशी मी उभा राहणार न्हाय." त्या दिवसापासून तो मुलीशी बोलेनासा झाला. धोंडाबाई मात्र गेली. आणि जाताना तिने मला धुतले, कडांना तेल लावले आणि पिशवीत घातले. कामावर जायचे तर आपले हत्यार बरोबर हवे, एवढाच तिचा विचार होता.

कारखान्यात पत्र्याची मोठी शेड होती. एका बाजूला राखेचा करडा ढीग, दुसरीकडे खडीचा चुरा, मध्ये यंत्र. धोंडाबाईने मला पिशवीतून काढून रणजितसमोर धरले. तो चांगला मुलगा होता. हसला नाही.

"मावशी, हितं साचा लागत न्हाय," तो म्हणाला. "मशीन एका दाबात दहा पाडतंय."

तेवढ्यात यंत्र खाली आले, हुंकारले, वर गेले. दहा राखाडी विटा एका ओळीत उभ्या राहिल्या. त्या यंत्राच्या पोटात मला पोलादी साचे दिसले. माझेच भाऊबंद, पण त्यांना कुणाच्या हाताच्या खाचा नव्हत्या. धोंडाबाई पुढे झाली. तिने एका विटेच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"कोपरं चांगलं भरल्यात," ती म्हणाली.

तीस वर्षांत तिने दुसऱ्या कुणाच्या विटेला चांगले म्हटलेले मी ऐकले नव्हते.

तिला पाणी मारायचे काम मिळाले. या विटा भाजत नाहीत, त्यांना दोन-तीन आठवडे रोज पाणी पाजावे लागते, तेव्हा त्या घट्ट होतात. धोंडाबाई रबरी नळी घेऊन ओळींमधून फिरते. मला तिने पहिल्याच दिवशी परत आणून खुंटीला टांगले. संध्याकाळी ती येते, पाय धुते, भाकरी थापते. भाकरी थापताना तिचे अंगठे अजून कडेकडेने दाबत जातात. ते पाहिले की मला बरे वाटते आणि लगेच वाईट वाटते.

शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या. नकोशीला खिडकीपाशी जागा मिळाली म्हणे. धोंडाबाई बघून आली. सोपान गेला नाही.

परवाच्या रविवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो. सकाळी धोंडाबाई कामावर गेल्यावर सोपानने मला खुंटीवरून काढले. आयुष्यभर त्याने कधी वीट थापली नव्हती, तो भट्टीचा माणूस. अंगणातलीच माती खणली, पाणी घातले, तुडवली आणि मला घेऊन बसला. त्याच्या हातात मी कललो. पहिली वीट मोडली. दुसरी मोडली. तिसरी कशीबशी उभी राहिली, एका कोपऱ्यात लंगडी. तो तिच्याकडे पाहत बसला. एका विटेसाठी कुणी भट्टी लावत नाही, मित्रांनो. ती वीट भाजली जाणार नव्हती, कुठल्याच भिंतीत बसणार नव्हती. हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

सुप्रियाची स्कूटर दारात थांबली. ती दर रविवारी यायची, बापाशेजारी बसायची आणि तो बोलत नाही म्हणून उठून जायची. त्या दिवशी तिने विटेकडे पाहिले, चप्पल काढली आणि तशीच चिखलात बसली.

मग पाच महिन्यांनी सोपान तिच्याशी बोलला.

"पोरी, तुझं काय चुकलं न्हाय," तो म्हणाला. "तुझ्या आईचं तर न्हायच. तात्यांचं बी न्हाय. त्या राखंच्या इटंचं बी काय चुकलं न्हाय. मी लई इचार केला. मग कुणाचंच चुकलं न्हाय तर माझं काम गेलं कसं? तू शिकलेली हायेस. तू सांग."

सुप्रियाने तोंड उघडले. तिच्याकडे आकडे होते, नियम होते, कारणे होती. ती सगळी खरी होती. पण तिने त्यातले काहीच सांगितले नाही. तिने बापाचा चिखलाने माखलेला हात आपल्या हातात घेतला आणि मान हलवली, नाही म्हणून. रविवारी काम अर्धाच दिवस असते; दुपारी धोंडाबाई परतली तेव्हाही ती दोघे तशीच बसलेली होती. तिने विटेकडे एकदा पाहिले.

"सावलीत ठिवा ती," ती म्हणाली. "उन्हात तडकंल."

सोपानने दोन्ही हातांनी ती वीट उचलून कडुनिंबाखाली ठेवली.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला फार शहाणपण नाही. तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल. तेव्हा वीट वाजवून, भिजवून, पारखून घ्या. राखेची चांगली असेल तर तीच घ्या. माती जपा. ती आम्ही जपली नाही. पण ज्यांचे काम तुमच्या चांगल्या निवडीमुळे बंद पडेल, त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाऊ नका. आत जा. बसा. चहा देतील, तो प्या. धुरावरून आच कशी ओळखायची, जिभेवर कोणती माती कशी लागते, हे त्यांना विचारा. त्यांना पुष्कळ माहीत असते, आणि आता त्यांना विचारणारे कुणी उरलेले नसते.